मुकुटबनचा गूळ

॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा, ता. दारव्हा
११ डिसेंबर २०२५

ती. संगीता आत्यास,
वर्षाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. घरातले सगळे खुशाल आहेत, मीच तेवढी नाही. माझा फोन मंगळवारपासून भारतदादाच्या खिशात आहे, आणि घरातला फोन म्हणजे तांड्याचा भोंगा. मी बोलायला लागले की याडी, आई असूनही, स्पीकर लावते आणि शेजारच्या काकी कान देऊन बसतात. म्हणून हे पाकीट.

मंगळवारी कॉलेज सुटल्यावर दारव्ह्याहून सायकलनं निघाले. वारा समोरून. फेब्रुवारीअखेर अमरावतीला विद्यापीठाची मुलींची शर्यत आहे, त्या तयारीच्या नादात जड गिअरवर ताणत आले. माझा डबा दुपारी मैत्रिणींनीच संपवला होता. शेवटच्या चढावर हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तुझाच धडा घोकत होते: भूक लागायच्या आधी खावं, आणि लागलीच तर हाताशी येईल ते गोड तोंडात टाकावं, विचार करत बसू नये. फ्रान्समधल्या सायकल शर्यतीतल्या त्या बाया नाही का, धावत्या सायकलवर खिशातून काढून खातात, गाल फुगलेले आणि पाय चालू!

घरात शिरले तर ओसरीवर माणसं. कोण आहेत ते मी बघितलंच नाही. मला दिसलं फक्त ताट, आणि ताटात फोडलेला गूळ. एक खडा तोंडात टाकला, दुसरा टाकला, वर तांब्याभर पाणी प्याले.

मग नजर साफ झाली. मुकुटबनकडच्या तांड्यावरचे पाहुणे, त्यांच्या बादलसाठी मला मागायला आलेले. गूळ त्यांनी आणलेला. आपल्यात त्या गुळाचा अर्थ काय, हे तुला मी काय सांगायचं! आधी घरच्यांना विचारायचं, मग मुलीला, आणि दोघांचा होकार आला की तांड्याच्या नायकानं पंचांना गूळ वाटायचा. तो खाल्ला की शब्द दिला. इथे तर अजून चहासुद्धा झाला नव्हता. आणि मग आपले नायक, भावसिंगकाका, मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, पोट्टीनंच खाल्ला, आता कोणाले इचारायचं राह्यलं? आणि ताट उचलून वाटत सुटले. मी म्हणाले की मला भूक लागली होती. तेव्हा तर सगळे आणखीनच हसले.

होळीनंतर लग्न. मुलगा वाईट दिसत नाही. त्याचा ट्रॅक्टर आहे आणि तो सारा वेळ मान खाली घालून बसला होता, बहुधा त्यालाही कोणी विचारलं नव्हतं. पण त्यांच्या घरात सून सायकलवर बसत नाही आणि कॉलेजात तर नाहीच, असं त्याच्या वडिलांनी निघताना स्वच्छ सांगितलं. माझं बी.ए.चं दुसरं वर्ष, अमरावती, सगळं दोन खड्यांत गेलं. बा एक शब्द बोलले नाहीत.

धडा तुझा होता, आता सोडवणूकही तुझ्याकडे. लोभ आहेच, तो आणखी वाढला नाही तरी चालेल, पण काहीतरी कर.

तुझी,
वर्षा


कळंब
१७ डिसेंबर २०२५

चि. वर्षास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. गोड काही पाठवत नाही, तुझा भरवसा नाही.

तुझं पत्र वॉर्डात वाचलं आणि एकटीच हसले. मग हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. सलाईन बदलताना एका आजीनं विचारलं की बाई, घरून वाईट बातमी आली काय? मी म्हटलं, नाही, भाचीचं जमलं. तोंडातून निघून गेलं बघ. माझ्यासारखीच्या तोंडून इतक्या सहज निघतं, तर तांड्यावरच्यांना काय दोष द्यायचा.

आता ऐक. तू बारावीला माझ्याकडे होतीस तेव्हा आपण दोघी एका उशीला टेकून त्या शर्यती बघायचो, आठवतं? शेवटच्या किलोमीटरला एखादी कठड्याकडे दाबली जायची. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला परकीचा खांदा, समोर तिसरीचं चाक. पायांत दम असून काही उपयोग नाही. तू ओरडायचीस, घुस ना! पण घुसणारी पडायची आणि चार जणींना घेऊन पडायची. शहाणी असायची ती क्षणभर पाय थांबवायची, दोन चाकं मागे सरकायची आणि बाहेरून वाट काढायची. अडकलेल्या माणसानं आधी मागे यायचं असतं, ही गोष्ट मला चाळिशी गाठताना कळली, आणि तीही त्या परदेशी पोरींकडून.

तेव्हा आत्ता भांडू नकोस. आदळआपट केलीस की भावसिंगदादा हट्टाला पेटेल. मी त्याची धाकटी बहीण आहे, मी नर्सिंगला गेले तेव्हापासून तो माझ्याशी धड बोललेला नाही, हे ध्यानात ठेव. जरा दम खा. फट दिसेल.

तुझ्या याडीला नमस्कार, बांना सांग की त्यांची बहीण जिवंत आहे. इकडे मी चिंतामणीला नारळ बोलले आहे. माझी माया तुला पुरून उरेल एवढी आहे, ती जपून वापर.

तुझी,
आत्या


॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा
५ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा धडा पाळला. त्याचं काय झालं ते सांगते.

मी गप्प बसले. काकी म्हणाल्या, बघा कशी लाजली. मुकुटबनहून साडी आली, मी हात लावला नाही. याडी म्हणाली की नवी नवरी आहे, संकोच वाटतो. दादानं माझी सायकल गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगली, वर पोतं टाकलं, तेव्हा मात्र मला रडू आवरेना. तर तांड्यावरच्या दोन म्हाताऱ्या येऊन जवळ बसल्या. लग्नात नवरीनं माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत गायचा तो ढावलो, त्याचीच मी तयारी करतेय असं त्यांना वाटलं. एक जण म्हणाली सूर चांगला लागला, फक्त शेवट आणखी ओढ. आणि तिनं गाऊन दाखवलं. आत्या, मी खरोखर रडत होते गं.

मी काहीही केलं तरी त्याचा अर्थ होकारच निघतो. बोलले तर नखरा, नाही बोलले तर लाज. माझ्या गप्प बसण्याचासुद्धा हे लोक गूळ वाटतात.

तुझ्या त्या बायांना मागे सरकायला जागा तरी असते. पुढे रस्ता असतो, कानात सांगणारं कोणी असतं, मागून गाडी येते आणि तिच्यात दुसरी सायकलही असते. पडल्या तर आख्खं जग बघतं. मी इथे ओसरीवर तूर पाखडत बसलेय आणि मला कोणी अडवलेलंही नाही. दाराला कडी नाही, कोणी मारत नाही, ओरडत नाही. सगळे हसतात आणि माया करतात. ह्याच्यातून बाहेर कसं पडायचं, ते तुझ्या कुठल्या शर्यतीत दाखवलं आहे?

दादा मला मोटरसायकलवर कॉलेजात सोडतो आणि आणतो, तेही ह्या महिन्यापुरतंच. याडीला मी एकदा चुलीशी गाठून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पंचांच्या पोटात गेलेला गूळ कोण काढते माय? आणि भाकर उलटली.

रागावून लिहिलं आहे, वाईट वाटून घे. तुझ्याशिवाय रागवायला मला कोणी नाही. माया कमी करू नकोस.

तुझी,
वर्षा


॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा
२० जानेवारी २०२६

चि. सौ. संगीतास,
बाबूसिंगचा आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एवढे कडक पत्र मला आजवर कोणी लिहिले नव्हते. बाप आहेस की ओसरीचा खांब, असे तू विचारतेस. खांबच म्हण. खांब हलला तर वरचे सगळे खाली येते.

पोरीने भुकेने खाल्ला हे मला त्याच वेळी कळले होते. ओठ पांढरे पडलेले होते तिचे. मी बोलायला तोंड उघडले तोवर दादाने ताट उचलले. तो मोठा भाऊ आणि वर तांड्याचा नायक. त्याने वाटलेला गूळ मी चारचौघांत खोटा कसा ठरवू? मुकुटबनच्या पाहुण्यांनी तोंड फिरवले तर धाकट्या खुशालीच्या लग्नाच्या वेळी आपल्या दारात कोण येईल? तू म्हणशील भितो. होय, भितो. रात्रंदिवस हेच डोक्यात असते, वाट मात्र सुचत नाही.

रीत तुला सांगतो म्हणजे उगीच आशा धरणार नाहीस. मुलाकडून आलेला गूळ पंचांनी खाल्ला की शब्द पक्का. मुलीने का खाल्ला, कसा खाल्ला, हे कोणी विचारत नाही. त्यांचा गूळ रीतसर वाटलाच गेला नाही, असे पंचांच्या बैठकीत, नसाबापुढे, सिद्ध झाले तरच तो शब्द सुटतो. पण ताट तर सर्वांनी पाहिले. मला खोटे बोलता येणार नाही.

तरी तुझ्या पत्रानंतर मी एवढे केले. दादाला म्हणालो की पोरीला एकदा नसाबात बोलू द्या. तो बराच वेळ गुरगुरला, मग हो म्हणाला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पंच बसतील, पाहुणेही येतील. तू येऊ नकोस. तू आलीस तर दादा उठून जाईल.

प्रकृतीस जप. रागावलीस तरी राखीला येत जा.

तुझा भाऊ,
बाबूसिंग


कळंब
२४ जानेवारी २०२६

चि. वर्षास,
आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं. उशीला टेकून शर्यत बघणारीनं धडे काढणं फार सोपं असतं. चुकले.

आता धडा नाही, निरोप आहे. तुझ्या बांनी तुला नसाबात बोलायची परवानगी मिळवली आहे. त्यांना ती मिळवताना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्यावर राग धरू नकोस. मला तिथे येता येणार नाही. तू एकटी उभी राहशील, आवाज फाटेल. फाटू दे. भुकेनं खाल्लं, एवढं खरं आहे ते सांग. कोणी विचारलं तर नाही म्हण, आणि ऐकू जाईल असं म्हण.

ते सुटण्याजोगं नाही असं तुझे बा लिहितात. मलाही वाट दिसत नाही. पण एकदा तरी तुझं नाही हे त्यांच्या कानांवर पडू दे. नाहीतर जन्मभर सगळे म्हणत राहतील की पोरीनं स्वतःच खाल्ला होता.

मला झोप नाही. लगेच कळव.

तुझी,
आत्या


॥ जय सेवालाल ॥

टेकडी तांडा
३ फेब्रुवारी २०२६

ती. आत्या,
याडीला तुला पत्र लिहायचं आहे. सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नको, असं तिनं बजावलं आहे. म्हणून इथून पुढे ती बोलते, मी फक्त लिहिते.

संगीताबाई, बसंतीचा राम राम.

लग्न मोडलं. पोट्टी इथंच हाय. हे पयले सांगते, म्हंजे तुमचा जीव थाऱ्यावर येईन.

रविवारी सेवालालच्या देवळापुढं पंच बसले. मुकुटबनचे बी आलते, बादलची माय बी आलती. आम्ही बाया मांगं बसलो. तुमच्या भासीले उभी केली. अन् ते बोलली. म्हणाली मी भुकेनं खाल्ला, मले कोणी इचारलं नाई, अन् इचारलं असतं तर मी नाई म्हणली असती. भावसिंगदादा म्हणाले, बोलून झालं का? गूळ पंचांच्या पोटात गेला, आता बोलून काय होते. अन् पंच उठाले लागले.

तवा मी उभी राह्यली. पदर डोक्यावर घेतला अन् म्हणली, चूक माही हाय. पाहुण्यांचं गाठोडं मी आतमंधी नेलतं, पण सोडलंच नाई. ताटात ठेवला थो आमच्या घरचा गूळ. पोरगी सायकलवरून येते तिच्यासाठी मी रोज फोडून ठेवतो थो. दादांनी घाईनं थोच वाटला. मुकुटबनचा गूळ बांधलेला तसाच घरात हाय. मंग मी घरी जाऊन गाठोडं आणलं अन् पंचांपुढं ठेवलं.

बाई, तुमचे भाऊ माह्याकडं असे पाहे का काय सांगू. हे मले त्यायच्यापासूनच सुचलं. ते तुमाले पत्र लिहत होते ना, तर त्यायले लिहताना मोठ्यानं बोलाची सवय हाय. त्यांचा गूळ वाटलाच गेला नाई तर शब्द सुटते, असं ते बोलले अन् मी भाकरी थापत होती. सारी रात झोपली नाई मी.

भावसिंगदादा लाल झाले. म्हणाले, मंग आता सोडा गाठोडं अन् आता वाटा. पण बबनराव पंच म्हंजे म्हातारं खोड, ते म्हणाले असं कसं, नवा गूळ वाटाचा तर पोरीले इचारा लागते, रीत हाय. अन् इचारलं. पोट्टी नाई म्हणली. एवढ्या जोरात म्हणली का देवळावरचे पारवे उडाले. मुकुटबनचे माणसं उठून गेले.

मले दंड लागला. पंचांले भलताच गूळ खाऊ घातला म्हणून. येत्या सेवालाल जयंतीले भोगाच्या लापशीले हात लावाचा नाई. लग्न होऊन आली तवापासून भोगाची लापशी मीच करतो, बाई. माह्या हातचीच लागते साऱ्याईले. आता पंधरा तारखेले मी घरात बसून राहीन अन् धूर पाहीन. त्याचं लय वाईट वाटून राह्यलं. तुमचे भाऊ माह्याशी बोलत नाईत. काल मात्र गोठ्यात शिडी लावून सायकल खाली काढली त्यायनं. कोणाले काही म्हणले नाई, निसती काढली अन् पुसून ठेवली.

आता खरं सांगतो, कायले का कोणाले तरी सांगतल्याबिगर मले चैन नाई पडत. गाठोडं खोटं होतं. मुकुटबनचा गूळ तवाच ताटात गेलता अन् साऱ्याईनं खाल्लाय. फडकं तेवढं माह्यापाशी राह्यलतं. मी दारव्ह्याच्या बाजारातून ढेप आणली अन् त्या फडक्यात बांधली. सेवालाल मले माफ करो.

पण गाठ, बाई! ज्याची त्याची गाठ आपापल्या हाताची असते. भावसिंगदादांनी गाठोडं बादलच्या मायपुढं सरकोलं अन् इचारलं, तुमचंच हाय का, तुमीच बांधलतं का? तिनं गाठ पाह्यली. बोटानं चाचपली. तिले कळलं. मी सांगतो, तिले कळलं, ते गाठ तिची नोती. तिनं मान वर करून माह्याकडं पाह्यलं. मंग पोट्टीकडं पाह्यलं, लय येळ. बाजूले तिचा नवरा उभा होता. अन् म्हणाली, हाव, माहीच गाठ हाय.

ते काहून तसं म्हणली मले ठाऊक नाई. मी तिच्याशी कधी धड बोलली बी नाई. बस, एवढंच. तब्येतीले जपजा.

तुमची वयनी,
बसंतीबाई


आत्या, आता मी लिहितेय.

गाठोड्याचं मला आत्ता कळलं, लिहिता लिहिता. मी पेन थांबवला तर याडी म्हणाली की थांबली काहून, लिही. रविवारपासून मी तांड्यावरून मान वर करून फिरत होते. मी उभी राहिले, मी बोलले, म्हणून सुटले, असं मला वाटत होतं. काल रात्री तुला लिहायला एक पत्रही मनात तयार होतं, जिंकल्याचं. ते राहू दे.

मला त्या बाईंचा चेहरा नीट आठवतही नाही. हिरवी साडी होती एवढंच. माझ्याकडे बघत होत्या तेव्हा मला वाटलं, रागानं बघताहेत, म्हणून मी मुद्दाम दुसरीकडे तोंड फिरवलं.

मी याडीला म्हणाले की मी मुकुटबनला जाते. बस करून जाईन, त्यांच्या पाया पडेन आणि येईन. याडीनं तिच्या पत्राचा कागद घडी घालायला माझ्या हातातून ओढला आणि म्हणाली की जाऊ नको. तू गेली तर तिच्या नवऱ्याले कळते. तू सुटली, माय, पण तिले त्याच घरात राहा लागते.

तुझी,
वर्षा